रकाना क्रमांक नऊ

सोहारमध्ये शुक्रवारी तिसरी उपासना आमची.
आधी मल्याळी, मग तागालोग, मग आम्ही:
एकोणीस डोकी, दोन बाळं, उसना कीबोर्ड.
वेदीवरचं कापड तेच राहतं, गीतपुस्तकं बदलतात.
मी खजिनदार. म्हणजे बिस्किटांच्या डब्यातले
रियाल वेगळे, बैसा वेगळे.

आशीर्वचनानंतर सुवार्ता उजगरे थांबली.
दवाखान्याच्या खिडकीत औषधं देते ती,
हिशेब तिच्या बोटांवर असतो कायम.
म्हणाली, काका, पुण्याच्या सेमिनरीत नाव लागलं.
एम.डिव्ह., तीन वर्षं.
आता पैशाचं बघायचं.
तिने कागदाची घडी उघडली, तेव्हा बाहेर
सनाइयाची बस इंजिन चालू ठेवून उभी होती,
आणि एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

बघू या, म्हणालो. चष्मा पुसला.

सेमिनरीची शिष्यवृत्ती: निम्मी फी माफ,
बदल्यात आठवड्याला बारा तास
ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ.
धर्मप्रांताची मदत: बिशपांची सही,
पाच वर्षांचा करार, पाठवतील तिथे जायचं,
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात,
उमेदवार पुरुष असावा.
तिथे तिने नखाने एक रेघ ओढली. बोलली काहीच नाही.

परदेशी मंडळाचं अनुदान:
आपणांस झालेल्या पाचारणाचे वर्णन करा,
शब्दमर्यादा तीनशे.
तिला पाचारण झालं ते रात्रपाळीत.
एक नेपाळी पोरगा इन्सुलिनची बाटली हातात धरून
विचारत होता, दीदी, हे थोडं थोडं मिळतं का?
एवढंच.
उरलेल्या शब्दांचं काय करायचं, म्हणाली.

आणि बँक. तारण काय, विचारतात.
या शिक्षणावर पुढे पगार किती मिळेल?
साहेब चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता.

जालन्याला आईला दरमहा जातात ऐंशी रियाल.
ते थांबतील.
त्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही.

असा एक कागद माझ्याही पेटीत होता, एकेकाळी.
ते जाऊ दे.

आमची भिशी बारा जणांची, महिना पन्नास.
त्यात मंडळीतले चार, बाकी बंदरावरचे.
चिठ्ठ्या चहाच्या कागदी कपात.
त्या महिन्याला नाव निघालं हमीद परकारचं,
टगबोटीवर सारंग, दाभोळचा.
स्लॅब टाकायचा होता त्याला. सळ्या येऊन पडल्या होत्या,
बायकोने गवंड्याला इसारही दिला होता.
मी आपलं बोलता बोलता बोललो,
आमच्यातली एक मुलगी अशी अशी.

त्याने करकचा घोट घेतला, जीभ भाजली, शिवी दिली.
मग म्हणाला, माझा नंबर तिला दे.
भरती लागलीय आणि होडी निघालीय,
तेव्हा दोर धरून बसायचं नसतं.
तिचा नंबर येईल तेव्हा मी घेईन. व्याज बिज नको.
मी म्हटलं, अरे, ती पाद्रीण होणार आहे.
म्हणाला, मग? मला काय तिच्याकडून निकाह लावून घ्यायचाय?

पुढच्या शुक्रवारी अर्ज भरायला बसलो.
रकाना क्रमांक नऊ. निधीचा स्रोत,
दात्याचे अर्जदाराशी नाते:
पालक, पती, मंडळी, इतर.
तिने पेन उचललं, ठेवलं.
हमीद तिला एकदाच भेटला होता,
खिडकीतून, खोकल्याचं औषध घेताना.
तिने 'इतर'वर खूण केली
आणि टिंबांच्या ओळीवर नीट अक्षरात लिहिलं: भिशी.

सहाशे जमले. अजून बरेच कमी आहेत,
मी डब्यातलं पुन्हा मोजलं, तरी कमीच.
रात्री हमीदचा फोन आला.
त्याला फक्त एक विचारायचं होतं:
तिकडे मेसमध्ये मासे देतात का?
पुण्यात? नाही रे, म्हणालो.
बराच वेळ टगचं इंजिन ऐकू येत राहिलं.
मग म्हणाला,
तीन वर्षं काढायची म्हणजे
पोरीला खरंच बोलावणं आलेलं दिसतंय.